सासूबाईंनी न धुतलेला स्पंज

आमच्या सासूबाई साबण धुतात. चेष्टा नाही. हात धुऊन झाले की साबणाची वडी नळाखाली धरायची, तिच्यावरचा फेस जाईपर्यंत फिरवायची, आणि मगच साबणदाणीत ठेवायची. साबणदाणी अर्थातच त्याआधी धुतलेली. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा नवऱ्याने मला जिन्यातच बजावलं होतं, "आई मनानं फार चांगली आहे. फक्त कशाला हात लावू नकोस."

त्या दाताच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. बावीस वर्षं एकाच दवाखान्यात. अवजारं ब्रशनं घासायची, वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची, प्रत्येक पेशंटनंतर खुर्ची पुसायची, थुंकायचं भांडं असं लखलखीत करायचं की पुढच्या माणसाला त्यात थुंकायला संकोच वाटावा. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. डॉक्टर कौतुकानं सांगायचे, "मावशींच्या राज्यात जंतू आला तरी आधी बाहेर नाव नोंदवून बसतो." हे ऐकून सासूबाई हसायच्या नाहीत. त्यांना यात विनोद कुठे आहे ते कळायचं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरांनी मासे आणले.

झालं असं, की वेटिंग रूममध्ये बसलेली माणसं आतून येणारा ड्रिलचा आवाज ऐकून पळून जायची. एक गृहस्थ तर बाथरूमला जातो म्हणून उठले ते थेट तीन महिन्यांनी, सुजलेला गाल घेऊन परत आले. मासे बघत बसलं की माणसाची भीती कमी होते, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं. लगेच काचेची भलीमोठी टाकी, तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा फिल्टर आणि सहा गुबगुबीत गोल्डफिश येऊन दाखल झाले.

"मावशी, हे आता तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. "टाकी स्वच्छ ठेवायची, बास."

आता सासूबाईंना ‘स्वच्छ ठेवा’ म्हणणं म्हणजे उतारावर उभ्या असलेल्या गाडीला धक्का देणं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, काच आतून-बाहेरून घासली, खडे गरम पाण्यात तीनदा धुतले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि ताजं पाणी भरून मासे परत सोडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. टाकी इतकी नितळ दिसायची की एका आजींनी मासे हवेत तरंगतायत असं समजून चष्मा पुसला.

आठवड्याभरात मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करायला लागले. सासूबाई घरी येऊन कौतुकानं सांगायच्या, "मी दिसले की सगळे वर येतात. ओळखायला लागलेत मला. काहीतरी सांगायचं असतं त्यांना."

सांगायचं होतंच. पण ते कळायच्या आत पहिला मासा गेला. आणि गेला तोही भर दुपारी, वेटिंग रूम भरलेली असताना. पोट वर करून सावकाश सगळ्यांसमोरून तरंगत गेला. ज्या बाईंची दाढ काढायची होती त्यांनी माशाकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, पर्स उचलली आणि चालू लागल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "माझ्या हातून कधी असं झालं नव्हतं," एवढंच म्हणत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टाकी दिवसातून दोनदा धुवायला सुरुवात केली.

शुक्रवारी दुसरा मासा गेला.

शनिवारी दवाखाना दुपारपर्यंतच असतो. काम संपवून, टाकी धुऊन, इमारतीला कुलूप लागल्यावर त्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. त्या मासेवाल्याला जाब विचारायचाय. आजारी मासे गळ्यात मारलेत त्यानं." मला नेण्याचं कारण म्हणजे माझा आवाज मोठा आहे. एरवी हा माझा दुर्गुण मानला जातो.

मासेवाल्यांचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. चिंचोळं, दमट, दोन्ही बाजूंना छतापर्यंत टाक्या आणि मधे स्टुलावर बसलेले एक जाडगेले काका. दुकानात शेवाळी वास होता. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांची नजर टाक्यांवरून फिरली. खड्यांवर तपकिरी साय, मागच्या काचेवर हिरवा थर, फिल्टरच्या स्पंजांचा रंग चिखलासारखा. आणि त्या सगळ्यात मासे कसे, तर तुकतुकीत, टुणटुणीत, शेपट्या हलवत फिरणारे.

"हे कधी धुतलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"हे. सगळंच."

"धुतलं?" काकांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. मग त्यांना संशय आला. "बाई, तुम्ही टाकी किती वेळा धुता?"

"दोनदा."

"महिन्यातून?"

"दिवसातून."

काका स्टुलावरून उठले. "खडे?"

"गरम पाण्यानं."

"स्पंज?"

"पांढराशुभ्र आहे," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या जाब विचारायच्या तयारीनं आलेल्या, पण इथे त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला. "तुमच्यासारखा नाही."

काकांनी कपाळाला हात लावला आणि मला खूण केली की बसा. बसायला काहीच नव्हतं. आम्ही उभ्या राहिलो आणि ते सांगायला लागले.

"मासा कुठे राहतो? पाण्यात. जेवतो कुठे? पाण्यात. आणि बाकीचं सगळं कुठे करतो?"

सासूबाईंनी नाक मुरडलं.

"तिथेच. त्या घाणीतून अमोनिया होतो. डोळ्यांनी दिसत नाही, आणि पाणी रोज बदललं तरी काही तासांत पुन्हा साठतो. पाणी आरशासारखं असलं तरी त्यात तो असू शकतो. मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो आणि वर येऊन तोंड उघडतो. तुम्हाला वाटलं असेल भूक लागली."

"मला वाटलं ओळखतात," सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"आता हा अमोनिया कोण खातं? या स्पंजात, या खड्यांवर बारीक जीव राहतात. कोट्यवधी. एक जात अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. तेही विषच. मग दुसरी जात ते खाते आणि त्याचं नायट्रेट करते. त्याचा माशाला फारसा त्रास नाही. आणि ते नायट्रेट पाणवनस्पती खातात, वाढतात. त्यांची पानं मासे कुरतडतात. पुन्हा घाण, पुन्हा तेच. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. असं चाललेलं असतं म्हणून हे माझे मासे जिवंत आहेत. तुम्ही काय केलंत? रोज त्या सगळ्या घरकाम करणाऱ्यांना गरम पाण्यानं मारून टाकलंत आणि वर म्हणता, घर स्वच्छ केलं."

सासूबाईंनी जवळच्या टाकीतल्या स्पंजाकडे वाकून पाहिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे बारीक जीव... म्हणजे जंतू?"

"जंतूच की."

मी सासूबाईंचा चेहरा तेव्हा पाहिला. जन्मभर ज्याला चोर म्हणून मारलं तो आपल्याच घरचा पाहुणा निघाल्यासारखा झाला होता.

"बावीस वर्षं मी जंतू मारायचा पगार घेते," त्या म्हणाल्या.

"दातांच्या दवाखान्यात घ्या. टाकीत नको."

उपाय काकांनीच सुचवला. नव्या टाकीत हे जीव आपोआप जमायला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस उरलेले चार मासे तगणार नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतला स्पंज काढला. तपकिरी, बुळबुळीत, कुजक्या पानांचा रंग. "हा तुमच्या फिल्टरमध्ये घाला. बी पेरल्यासारखं होईल. आजच घाला."

"आज इमारतीला कुलूप आहे. सोमवारी सकाळी उघडेल."

"मग सोमवारपर्यंत घरी सांभाळा. याच टाकीच्या पाण्यात बुडवून, हवेचा पंप लावून. सुकला की मेले, हवा बंद झाली की मेले, नळाचं ताजं पाणी लागलं की त्यातल्या क्लोरीनच्या औषधानं मेले. मासे आज ताज्या पाण्यात आहेत ना? त्यांना दोन दिवस खायला मिळणार नाही हे बरंच आहे, घाण कमी करतील. आणि हो, या बादलीत मात्र रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते सडेल, यांना जेवण मिळेल."

"जंतूंना जेवायला घालायचं?"

"उपाशी ठेवायचं असेल तर ठेवा."

काकांनी हवेचा छोटा पंप, माशांच्या खाण्याची पुडी आणि आपली एक बादली दिली. ती घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत सासूबाईंनी ती एकदाही माझ्या हातात दिली नाही. स्वतः मात्र हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून धरली होती.

घरात पंप लावायला मोकळा प्लग एकच होता, बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी. तिथे, त्या आरशासारख्या फरशीवर, वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर बादली विराजमान झाली. आत घाणीचा गोळा आणि बुडबुड बुडबुड आवाज. सासरे बाहेरून आले, बघतच राहिले. ते छापखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. बायकोच्या घरात चाळीस वर्षं बोटाचा ठसा न उमटवता राहिलेले.

"हे काय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"आईंचे जंतू आहेत, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन हात धुऊन आले. काही विचारण्यात अर्थ नाही हे त्यांना संसाराच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

रविवारी सकाळी सासूबाई बादलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. चिमटीत माशांचं खाणं. "एवढं पुरेल का गं?" त्यांनी मला विचारलं. "कोट्यवधी आहेत म्हणाले ते." मी म्हटलं, पुरेल, लहान आहेत. त्यांनी तरी आणखी दोन दाणे टाकले.

आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांची धाकटी बहीण न कळवता आली.

माझ्या नवऱ्याच्या या मावशींबद्दल सांगायला हवं. स्वच्छतेत आमच्या सासूबाईंना तोडीस तोड कुणी असेल तर त्याच. दोघी भेटल्या की एकमेकींच्या घरात खिडकीच्या वरच्या चौकटीवरून सहज बोट फिरवायच्या. चाळीस वर्षांत कुणाच्याच बोटाला काही लागलं नव्हतं. मावशी दारातून आत आल्या, बसायला सोफ्याकडे वळल्या आणि थबकल्या.

"ताई," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती, पण डोळ्यांत चाळीस वर्षांचा विजय चमकत होता. "हे गं काय?"

"दवाखान्याचं काम आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला वाटतं त्यांना बहिणीची नजर सोसवेना.

मी कपबशा काढायला त्यांच्या मागे गेले. बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. बाहेरचा बुडबुड आवाज बंद झाला. त्यापाठोपाठ मोरीतून मावशींचा प्रेमळ आवाज आला, "ताई, तुला आताशा होत नाही गं. वय झालं. थांब, मी देते स्वच्छ करून. साबण कुठाय?"

सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे. पण त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत कशा पोचल्या ते मला दिसलंच नाही. मी पोचले तेव्हा मावशींच्या एका हातात स्पंज होता, दुसरा हात नळाच्या तोटीवर होता, आणि सासूबाईंनी तो दुसरा हात दोन्ही हातांनी पकडला होता.

"धुऊ नकोस!"

"अगं पण किती घाण..."

"घाण असू दे! या घरात कुणी काही धुवायचं नाही!"

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्या घराच्या भिंतींनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"ताई, तुला बरं नाही का?"

"मला ठणठणीत बरं आहे. तो ठेव. पिळू नकोस! पिळू नकोस म्हणते ना! बाळाला धरतात तसा धर."

मावशींनी घाबरून स्पंज बाळासारखा धरला. तपकिरी पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून अलगद काढून बादलीत बुडवला, पंप चालू केला, आणि पुन्हा बुडबुडे यायला लागले तेव्हा जमिनीवर बसून मोठा श्वास सोडला. मग बहिणीकडे बघून त्यांनी अमोनियापासून सगळं सांगितलं, नायट्राइट, नायट्रेट, पानं, पुन्हा मासे. बरंच बरोबर सांगितलं. मावशी हात पुढे धरून ऐकत होत्या, कारण धुवायची परवानगी आहे की नाही हे त्यांना कळेना.

सोमवारी स्पंज दवाखान्यात पोचला. चारी मासे हलक्या पोटी, पण जिवंत होते. त्यानंतरचे पाच आठवडे सासूबाईंच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. मासेवाल्या काकांनी सांगून ठेवलं होतं, खडे हलवायचे नाहीत, स्पंजाला हात लावायचा नाही, आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं आणि तेही औषध उडून जावं म्हणून एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. सासूबाईंचे हात शिवशिवायचे. मग त्या टाकी बाहेरून पुसायच्या. डॉक्टरांनी मला सांगितलं, दिवसातून चौदा वेळा. पाण्याची परीक्षा करायचे थेंब काकांनी दिले होते. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे गेला. सासूबाई रोज ती नळी खिडकीशी धरून उभ्या राहायच्या. एका बुधवारी पिवळा रंग आला. त्यांनी नळी तशीच घेऊन डॉक्टरांच्या खोलीत धाव घेतली. डॉक्टर कुणाचा तरी जबडा उघडून बसले होते. "झालं!" सासूबाई म्हणाल्या, "खातायत!" तोंड उघडं असलेल्या पेशंटनं भयानं डोळे फिरवले.

बाबांच्या कुंड्यांचा यात काही संबंध असेल असं आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. गॅलरीत त्यांच्या चौदा कुंड्या होत्या. टोमॅटो, मिरची, गुलाब. सगळी झाडं काडीसारखी, पानं फिकट. कारण पडलेलं प्रत्येक पान सासूबाई रोज सकाळी वेचून कचऱ्यात टाकायच्या आणि खत म्हटलं की "घरात?" एवढंच विचारायच्या. बाबा नुसतं पाणी घालायचे.

एका शनिवारी दवाखान्यात टाकीचं जुनं, पिवळसर पाणी त्या मोरीत ओतायला निघाल्या आणि थांबल्या. फोन केला, पण माझ्या नवऱ्याला नाही, मला नाही. बाबांना.

"दोन कॅन घेऊन या दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या झाडांचं जेवण वाया चाललंय."

बाबांनी नंतर मला सांगितलं, की फोन ठेवल्यावर ते दोन मिनिटं नुसते खुर्चीत बसून होते. मग इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

तेव्हापासून दर शनिवारी दोघं दोन कॅन घेऊन घरी यायचे, बाबांच्या हातात मोठा, आईंच्या हातात लहान, वाटेत कुठल्या झाडाला किती यावर वाद. दीड महिन्यात पानं काळपट हिरवी झाली. टोमॅटो इतके लागले की काड्या बांधाव्या लागल्या. बाबा आठवडाभर काही न बोलता नुसते हसत हिंडायचे, आणि सासूबाईंना तो प्रकार कोणत्याही टोमण्यापेक्षा जास्त झोंबला.

पडलेली पानं मात्र त्यांनी एकदम सोडली नाहीत. पहिल्यांदा एक पान कुंडीत तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन. एकदा मी पाहिलं, त्या गुलाबाच्या कुंडीतली माती बोटानं उकरत होत्या. खालून एक गांडूळ निघालं. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, माती परत लोटली आणि आत जाऊन तीनदा हात धुतले. नंतर साबण धुतला.

दवाखान्यात त्यांनी अवजारं निर्जंतुक करण्यात तसूभरही कसूर केली नाही. उलट जास्तच कडक झाल्या. "तोंडातले वेगळे, टाकीतले वेगळे," असं त्या पेशंटना समजावायच्या. एकदा एका साहेबांनी टाकीच्या मागच्या काचेवरचं शेवाळ दाखवून तक्रार केली, की दवाखान्यात ही घाण कशी चालते. "तुम्ही सकाळी काय खाल्लंत?" सासूबाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, ब्रेड. "तो कुठे उगवला? मातीत. माती कशाची? हे असलंच सगळं कुजून." त्या एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साहेबांना नायट्रेटपर्यंत नेलं. साहेबांचा नंबर आला तेव्हा ते ड्रिलच्या खुर्चीत जवळजवळ धावतच जाऊन बसले. डॉक्टर म्हणतात, मासे आणण्याचा हेतू अखेर साध्य झाला.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता गॅलरीत एक झाकणाचा डबा आहे, त्यात भाज्यांची सालं, चहाचा चोथा. माझ्या नवऱ्यानं वासाची कुरकुर केली तेव्हा त्यांनी त्याला धारेवर धरलं. "वास येतो म्हणजे ओलं जास्त झालं. सुकी पानं कमी पडतायत. शिकलास काय एवढी वर्षं?" पण आमच्या चौदा कुंड्यांची सुकी पानं ती किती असणार?

खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांच्या अंगणात एक मोठं झाड आहे, आणि त्याची पानं वाऱ्यानं जिन्यात येतात. परवा सासूबाई हातात पिशवी घेऊन खाली गेल्या आणि बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, सासूबाईंना पाहिलं आणि एकदम बोलायला लागल्या, "सॉरी हं, मी झाडतेच आहे, सकाळीच झाडणार होते, पाहुणे आले म्हणून राहिलं, आता लगेच उचलते सगळी..."

"उचलू नका," सासूबाई म्हणाल्या. "मला द्या."

"काय?"

"पानं. जुनी असतील तर फार बरं. थोडी कुजलेली असतील तर अजून छान."

बाईंनी पिशवी भरून दिली. पण संध्याकाळी माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठून त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, आईंची तब्येत ठीक आहे ना.